मीडिया सर्व्हर बसविणेबाबत

शिंक ठेवायची की पालथं पडणं ठेवायचं, हा पेच तनुजापुढे उभा राहिला तेव्हा डाळीचा कुकर अजून बसायचा होता.

फोन म्हणत होता, व्हिडिओंना जागा संपली. नवीन काही घ्यायचं तर जुनं काही पुसा. आणि नवीन घेणं भागच होतं, कारण समोर फरशीवर बसून तिची लेक मैना चपात्यांच्या डब्याशी बोलत होती. नुसती बडबडत नव्हती, बोलत होती. मधूनच थांबून डब्याचं म्हणणं ऐकून घेत होती आणि ते न पटल्यामुळे त्याच्या झाकणावर चापट मारत होती. असं संभाषण रोज होत नाही. तनुजाने मन घट्ट करून शिंक पुसली आणि डबा घेतला. मग दिवसभर तिला त्या शिंकेचीच आठवण येत राहिली. मैनाने नंतर पुष्कळ शिंका दिल्या, पण त्या शिंकेनंतर स्वतःलाच घाबरून मागे कोण आहे ते पाहिलं होतं, तसं पुन्हा नाही पाहिलं.

कुणी म्हणेल, लेकरू समोर आहे, डोळ्यांनी बघावं, फोन कशाला? तर त्याचं कारण ऋषी. ऋषी, म्हणजे तनुजाचा नवरा, राहायचा हडपसरला आणि नोकरी करायचा शहराच्या दुसऱ्या टोकाला, हिंजवडीला. पुण्यात एवढं सांगितलं की लोक पुढचं विचारत नाहीत, मुकाट्याने खांद्यावर हात ठेवतात. कंपनीची बस मैना उठायच्या आत त्याला घेऊन जायची आणि मैना झोपल्यावर आणून टाकायची. त्यामुळे रविवारी मैना आपल्या बापाकडे गॅसचं सिलिंडर आणणाऱ्या माणसाकडे बघावं तशी बघायची. ओळखीचा आहे, पण घरात किती आत येऊ द्यायचा? ऋषी आल्यावर हातपाय धुवायचा, ताटावर बसायचा आणि पाण्याच्या तांब्याला फोन टेकवून त्या दिवशीची मैना बघत जेवायचा. थोडक्यात, ऋषीची मुलगी फोनमध्ये वाढत होती, आणि फोनमध्ये जागा नव्हती.

कॉलेजातला जुना कॉम्प्युटर होता घरात, पण त्याचा पंखा सुरू झाला की मैनाची झोप गेलीच. मैना ही कागदोपत्री मैत्रेयी. तिला शेजारच्या इमारतीत चमचा पडला तरी ऐकू यायचा. व्हिडिओ इंटरनेटवर चढवून ठेवावेत तर सोसायटीत नेट असं यायचं की एक खोकला चढायला अख्खी सकाळ जायची.

"मीडिया सर्व्हर घेऊ," ऋषी म्हणाला. म्हणजे एक कॉम्प्युटर, जो घरात कायम चालू राहील, फोनमधले व्हिडिओ आपणहून पोटात घेईल आणि सांगू तेव्हा टीव्हीवर दाखवेल.

"आवाज नको," तनुजा म्हणाली. "आणि वीज नको."

"अगं, वीज तर लागणारच."

"आबांना कळेल एवढी नको."

ही अट पहिलीपेक्षा अवघड होती. आबा म्हणजे सोनबा, ऋषीचे वडील. सोसायटी उभी आहे ती जमीन त्यांची. बिल्डरने जमीन घेतली आणि बदल्यात फ्लॅट दिला, पण आबांच्या डोक्यातली जमीन कुणालाच घेता आली नव्हती. लिफ्टला ते विहीर म्हणत आणि पार्किंगला पेरू. "गाडी कुठं लावलीस रं?" "पेरूत, आबा, कडेच्या सरीला." हे ऐकून पाहुणे बावचळत. आबांचं सगळं आयुष्य शेतीपंपाच्या विजेत गेलं होतं. ती मनात येईल तेव्हा यायची आणि मोटार चालू केली की निघून जायची. आता घरात दिवसरात्र वीज, ही गोष्ट त्यांना बरी वाटत नसे. खोलीतून बाहेर पडताना ते दिव्याचं बटण बंद करत, मग खोलीत कुणी असो वा नसो. लग्न होऊन या घरात आल्यावर तनुजा अंधारात अंघोळ करायला शिकली होती.

ऋषीच्या ऑफिसात सीताराम नावाचा एक सहकारी होता. त्याला प्रत्येक गोष्टीतलं कळायचं, ही ऑफिसची अडचण होती. तो म्हणाला, "सर्व्हर म्हणतोस ना? मग सर्व्हरच घे. खेळणी कशाला? आपल्याकडे जुने काढून टाकतायत." आणि ऋषीने कंपनीच्या बसमधून एक आणला. पाटासारखा चपटा, पण पाटावर वरात बसवता येईल एवढा लांब. तो खिडकीजवळच्या सीटवर आडवा झोपून आला आणि ऋषी हिंजवडीपासून हडपसरपर्यंत त्याच्याजवळ उभा राहून आला.

रविवारी दुपारी तो सुरू केला. आधी शिट्टी झाली, मग घरघर झाली, मग लोहगावच्या विमानतळावरून काहीतरी उडालं. मैना झोपेतून उठून बसली. रडली नाही. ज्या गोष्टीपुढे रडणं कमी पडेल तिच्याकडे माणूस जसा बघतो तशी बघत राहिली, आणि मग विचार करून रडली.

ऋषी ओरडून म्हणाला, "थोड्या वेळात कमी होतो!"

तो कमी व्हायच्या आत खालच्या मजल्यावरच्या मथुराबाई वर आल्या. हातात बाजरीचा डबा.

"गिरनी टाकली म्हनं," त्या तनुजाच्या सासूला म्हणाल्या. "बरं केलं बाई तुळजाबाई, नाक्यावरचा लई जाड दळतो. हे बारीक काढतं ना?"

तुळजाबाईंना दारात आलेल्या माणसाला नाही म्हणता येत नसे. त्या म्हणाल्या, "बसा तर खरं." आणि मथुराबाई बसल्या. ही गिरणी नव्हे, हे त्यांना ऋषीने समजावून सांगितलं, पण सांगताना आवाज गिरणीचाच चालू होता. डबा जसाच्या तसा घेऊन जाताना त्या जिन्यात कुणाला तरी म्हणाल्या, "भाऊकीचं दळत असतील. आपलं कशाला दळतील?"

तेवढ्यात आबा मीटरच्या पेटीपाशी जाऊन आले. मीटरचा लाल दिवा एरवी डोळा मिचकवायचा. आज थंडी भरल्यासारखा थरथरत होता.

"पोरी," ते तनुजाला म्हणाले, "माझी इहिरीवरची मोटार ऊस भिजवायची. ह्यो काय भिजिवतो?"

सर्व्हर बंद झाला. तुळजाबाईंनी तो गॅलरीत ठेवून त्यावर लोणच्याच्या बरण्या मांडल्या. बरण्यांना तो अगदी मापाचा होता.

मग ऋषी, तनुजा आणि तनुजाच्या कडेवर मैना असे तिघे शनिवारी तापकीर गल्लीत गेले. ऋषीने आठवडाभर वाचन केलं होतं आणि त्याला आता सीतारामइतकं कळत होतं. दुकानदार चष्म्यावरून बघत बसला होता. गिऱ्हाईक आल्याचं दुःख त्याच्या चेहऱ्यावर आधीपासून होतं.

"घरगुती सर्व्हर हवाय," ऋषी म्हणाला. "आवाज न करणारा."

"पंखा असतो त्याला. पंखा आला की आवाज आला."

"बिनपंख्याचा?"

"तापतो."

"किती तापतो?"

"हात लावायचा नाही मग."

"आणि वीज किती खातो?"

"झिरोच्या दिव्याएवढी. पंगतीला बसवणार आहात का?"

"नाही, पण चोवीस तास चालू ठेवायचा म्हटलं तर..."

"चालूच ठेवायचा असतो तो. बंद ठेवायचा असेल तर वीट घ्या, स्वस्त पडते."

ऋषीचा चेहरा उतरला. तनुजाला राहवलं नाही. ती म्हणाली, "आवाज नाही, पंखा नाही, मग तो चालू आहे हे कळतं कसं?"

"बंद पडला की कळतं."

"चालू करून दाखवता का एखादा?"

दुकानदाराने समोरचा चहाचा कप उचलला. कपाखाली काळी, तळहाताएवढी डबी होती. "हा सकाळपासून चालूच आहे. माझा चहाही गरम ठेवतोय. तुमच्यापैकी कुणाला ऐकू आला?"

कुणालाच आला नव्हता. मैनालाही नाही. ती तनुजाच्या खांद्यावर झोपली होती आणि तेच प्रमाणपत्र समजून त्यांनी डबी घेतली.

डबी टीव्हीच्या कपाटात बसली. आणि काय सांगावं, चाललीही. तनुजाने व्हिडिओ घ्यावा, घरातल्या घरात तो आपोआप डबीत जावा, फोन पुन्हा मोकळा. त्या आठवड्यात मैना टीपॉयला धरून उभी राहिली, तिने आरशातल्या मुलीला घास भरवला, आजोबांच्या चपलेची चव घेतली, आणि यांतलं काहीही पुसावं लागलं नाही. आता पुसापुशीचा प्रश्न मिटला, असं तनुजाला वाटलं. पण तिने आबांना हिशेबात धरलं नव्हतं.

आबा कपाटासमोर उभे राहून कान देत होते.

"चालू हाय म्हंती?"

"आहे, आबा."

"आवाज न्हाई."

"आवाज नाही म्हणूनच घेतला ना."

 सुनेशी वाद घालणारे सासरे आबा नव्हते. पण सबंध आयुष्यात एक गोष्ट त्यांनी पुन्हा पुन्हा अनुभवली होती: मोटारीचा आवाज थांबला म्हणजे मोटार बंद पडली, आणि बंद पडली की वाट न बघता जाऊन स्टार्टरचं बटण दाबायचं, नाहीतर वाफे सुकतात. घरात सगळी कामात असताना पोराची मोटार बंद पडलेली त्यांना बघवेना. ते जाऊन बटण दाबत. डबी मुकाट्याने बंद होई. आवाज आधीही नव्हता, नंतरही नसे. आबा बोटं झटकून समाधानाने येऊन बसत आणि म्हणत, "चालू करून आलो."

हे कळायला वेळ लागला. तोवर व्हायचं ते झालं होतं. त्या दिवशी मैनाने पहिल्यांदा टाळी वाजवली होती. आधी उजवा हात हवेत नेला, त्याच्याकडे बघितलं, मग डाव्याला बोलावलं. तनुजाने व्हिडिओ घेतला, तो निम्मा गेला असेल नसेल, इतक्यात आबांनी मोटार चालू केली. जागा रिकामी करायच्या घाईत फोनमधला व्हिडिओ तनुजाने आपल्याच हाताने पुसला. ऋषी आला, जेवायला बसला. टीव्हीवर मैनाचे दोन हात एकमेकांच्या दिशेने निघाले आणि मध्येच थांबले.

"वाजली का?" ऋषीने विचारलं.

"वाजली."

"कशी?"

तनुजाने पोळपाट बाजूला ठेवला आणि पिठाच्या हातांनी वाजवून दाखवली. ऋषी म्हणाला, "छान." पण त्याचं लक्ष टीव्हीवरच्या त्या दोन हातांमधल्या जागेकडे होतं. त्याने भात तसाच ठेवला. तनुजाने जास्त वाढला होता म्हणून उरला, असं दोघं धरून चालले.

दुसऱ्या दिवशी तिने डबीवर चिठ्ठी लावली: बटण दाबू नये. आबांनी ती वाचली आणि ती त्यांना पटली. "बरोबर हाय," ते म्हणाले. "येड्यावानी कुनी बी दाबतं." आणि चालू करून आले.

शेवटी ऋषीने त्या बटणाची करामतच बदलली, दाबलं तरी काही होऊ नये अशी. आबांची दाबायची सोय राहिली आणि डबी चालू राहिली. पण पुन्हा अधूनमधून ती बंद पडू लागली. या खेपेला आबांचा काही संबंध नव्हता. तनुजाने कपाट उघडलं तर डबीवर क्रोशाचा रुमाल, रुमालावर पितळी भांडं, भांड्यावर ताटली आणि त्याभोवती आबांची जुनी कानटोपी.

"आई, हे काय?"

"विरजन हाय, हलवू नगस," तुळजाबाई म्हणाल्या. "थंडीत दही लागत न्हाई म्हनून रडत हुते मी. ह्याच्यावर कसं लागलंय बघ. सुरीनं कापावं. गॅस न्हाई, काय न्हाई, ह्याला म्हनायची बचत."

पंखा नसलेली ती डबी अंगातली उष्णता वरून सोडायची. दह्याखाली तिचा श्वास कोंडला की ती आपली आपण बंद व्हायची. दही मात्र खरोखर उत्कृष्ट होतं. तनुजाने दोन वाट्या खाल्ल्या आणि मग हतबल झाली.

उपाय एकच. डबी सगळ्यांच्या हाताबाहेर, बाथरूमवरच्या माळ्यावर ठेवायची. तिथून टीव्हीपर्यंत वायर न्यायची तर ती इमारतीच्या डक्टमधून, म्हणजे नळांच्या मोकळ्या बोळातून जाणार, आणि त्याला सोसायटीची परवानगी लागते. सेक्रेटरी बद्रीनाथ पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. अर्जाच्या विषयात "बाबत" नसेल तर ते पुढचा मजकूर वाचतच नसत. ऋषीने विषय लिहिला: "मीडिया सर्व्हर बसविणेबाबत." बद्रीनाथांनी तो वाचून मान डोलावली आणि हरकती मागवण्यासाठी तळमजल्यावरच्या फळ्यावर उतरवला. फळा लहान, अक्षर मोठं. शब्द मावेनात तेव्हा "सर्व्हर" त्यांनी गाळला, कारण तो इंग्रजी होता. फळ्यावर उरलं:

"सोनबा यांचे फ्लॅटमध्ये मीडिया बसविणेबाबत."

आता सोसायटीत पाणी टँकरने येई. टँकर होते चेअरमन रावसाहेबांचे. रावसाहेब हे आबांचे चुलतभाऊ, आणि टँकरमधून यायचं ते पाणी होतं की रावसाहेबांच्या शेततळ्याचा तळ, याबद्दल सोसायटीत एकमत होत आलं होतं. फळा लागला त्याच्या दुसऱ्या सकाळी नळाला असं स्वच्छ पाणी आलं की तनुजाला बादली रिकामी वाटली. कित्येक महिने बंद असलेली लिफ्ट चालू झाली. जिन्यात दिवे लागले. ते आबांनी जाता-येता बंद केले, पण पुन्हा लागले. कुणीतरी येऊन कुंड्या ठेवून गेलं.

मथुराबाई नवं पातळ नेसून आल्या. बाजरीचा राग त्यांनी मोठ्या मनाने गिळला होता.

"टीव्हीवाले कवा येनार? मला पान्यावर बोलायचंय."

"मावशी, टीव्हीवाले नाहीत. मीडिया म्हणजे आमच्या मैनाचे व्हिडिओ."

"तिला कशाला बोलिवतीस? लहान हाय ती. मी बोलते की सविस्तर."

संध्याकाळी रावसाहेब स्वतः आले. चहा नको म्हणाले, यावरूनच प्रकरण गंभीर आहे हे सगळ्यांना कळलं.

"सोनबा, भाऊकीतलं भाऊकीत मिटवावं. घरात मीडिया कशापायी बसिवतो?"

आबांना मीडिया म्हणजे काय याची कल्पना नव्हती, पण रावसाहेबांना ती नको आहे एवढं दिसत होतं, आणि तेवढं त्यांना पुरे होतं. "बसिवनार," ते म्हणाले. "पोराची हौस हाय. दिसरात चालू ऱ्हानार ती. आवाज करनार न्हाई. हाय का न्हाई ते कळनार बी न्हाई."

रावसाहेब पांढरे पडले. "म्हंजी छुपी?"

"उंचावर ठिवनार," आबा म्हणाले.

तातडीची सभा लागली. स्थळपाहणी करायची म्हणून ती तनुजाच्याच हॉलमध्ये, बुधवारी सकाळी. "अर्जदार समक्ष हजर पाहिजे," असं बद्रीनाथांनी बजावलं. ऋषीने साहेबांना कसंबसं विचारलं. मुलीचा ताप, बायकोचं दुखणं, मेहुणीचं लग्न यांपैकी कशालाही त्याला रजा मिळाली नव्हती. "सोसायटीची तातडीची सभा" म्हणताच साहेब गंभीर झाले आणि म्हणाले, "जा, जा. न गेलास तर तुझ्याविरुद्ध ठराव करतील." तेही एका सोसायटीतच राहत होते.

बुधवारी मैना जागी झाली तर सिलिंडरवाला माणूस घरात. तिने तुळजाबाईंच्या पदराआडून त्याचं निरीक्षण केलं. त्याने हात पुढे केले तर पदर ओढून घेतला. ऋषी हसला आणि खुर्च्या मांडायला गेला. रिकाम्या राहिलेल्या हातांना तेवढं काम बरं, असं तनुजाला वाटलं आणि तिने उगीचच त्याला आणखी दोन खुर्च्या मागितल्या.

मंडळी जमली. रावसाहेबांनी आधी टीव्हीच्या मागे बघितलं, मग पंख्यावर, मग गणपतीच्या तसबिरीमागे. ऋषीने डबी दाखवली.

"एवढीच?"

"एवढीच."

"चालू हाय?"

"आहे."

"आवाज न्हाई," रावसाहेब म्हणाले, आणि पहिल्यांदाच आबांनी त्यांच्याकडे भावासारखं बघितलं.

ऋषीने व्हिडिओ लावले. तनुजाचा फोनच रिमोटसारखा चालत होता. तो रावसाहेबांनी तपासणीसाठी स्वतःच्या हातात घेतला. पडद्यावर मैना पालथी पडली. सगळी सभा पुढे वाकून बघत होती.

"ह्यात टँकर कुठाय?" रावसाहेब म्हणाले.

"टँकर नाही, काका."

"फुडं आसंल."

बद्रीनाथ मांडीवर सभेची वही घेऊन टिपून घेत होते आणि टिपलेलं मोठ्याने म्हणत होते. "चित्रफीत एक. अर्जदाराची कन्या पालथी पडते. हरकत नाही. चित्रफीत दोन. कन्या डब्याशी बोलते. हरकत नाही." मथुराबाईंनी विचारलं, पाण्याचा विषय कधी येणार? बद्रीनाथांनी तेही लिहिलं. मैना खिमट थुंकते, हरकत नाही. मैना चप्पल चाटते. यावर मात्र तुळजाबाईंनी हरकत घेतली आणि आबांनी चपला सोफ्याखाली सारल्या.

मग टाळी लागली. दोन हात निघाले आणि मध्येच थांबले.

"फुडचं कुठाय?" रावसाहेब उठले. "कापलं! हितंच टँकर आसनार!"

"काही कापलेलं नाही," ऋषी टीव्हीशेजारी जाऊन म्हणाला. "मैनाने टाळी वाजवली त्याचा हा व्हिडिओ. पुढचा राहिला. मीसुद्धा नाही बघितला. मी काहीच नाही बघितलंय, काका, हे असंच बघतो. त्याच्यासाठीच तर हे सगळं..."

 सभेत कुणी खाकरलं. आबा स्वतःच्या बोटांकडे बघत होते.

टीपॉयला धरून उभी असलेली मैना टीव्हीवरच्या त्या अर्धवट थांबलेल्या मुलीकडे बघत होती. मुलगी टाळी वाजवत नाही, हे तिला बहुधा सहन झालं नाही. तिने टीपॉय सोडला.

तनुजाचा हात सवयीने फोनकडे गेला. फोन रावसाहेबांकडे होता, आणि रावसाहेब पुतळ्यासारखे उभे होते. कुणीच हललं नाही. मैना झुलली, थांबली आणि जमिनीचा अंदाज घेऊन निघाली. टीव्हीकडे निघालेली ती मध्येच कलली, सावरली आणि समोर जे उभं होतं त्याला जाऊन धडकली. ते ऋषीचे पाय होते. तिने त्याची पँट दोन्ही मुठींत धरली आणि वर बघितलं. ऋषीने श्वाससुद्धा घेतला नव्हता. हललो तर पडेल, एवढं एकच त्याला कळत होतं. त्याच्या हनुवटीवरून पाणी खाली पडलं तेही त्याने पुसलं नाही.

"कुणी घेतलं का?" तनुजाने विचारलं.  "व्हिडिओ, कुणी घेतला?"

मथुराबाईंनी मान हलवली. रावसाहेबांनी हातातल्या फोनकडे बघितलं आणि तो टीपॉयवर ठेवला. चूक त्यांची नव्हती, तरी टोपी काढून डोकं खाजवलं.

"मी घेतलं," बद्रीनाथ म्हणाले.

सगळे वळले. बद्रीनाथांनी चष्मा नीट केला आणि वही वाचली: "सभा चालू असताना अर्जदाराची कन्या कुमारी मैत्रेयी ही कोणाचेही साहाय्य न घेता, टीपॉयपासून अर्जदारापर्यंत, चार पावले चालत गेली."

"पाच," तुळजाबाई म्हणाल्या.

"तीन," रावसाहेब म्हणाले. "एक कललेलं हुतं."

"कललेलं धरायचं," आबा ठासून म्हणाले. "नांगर बी कलतो. म्हून त्याचं तास मोजत न्हाईत व्हय?"

यावर बरीच चर्चा झाली. एकमत होईना तेव्हा "चार" खोडून "काही" असा शब्द घालावा, अशी दुरुस्ती मथुराबाईंनी सुचवली. अनुमोदन रावसाहेबांनी दिलं. नोंद सर्वानुमते मंजूर झाली. वायरचा विषय वेळेअभावी पुढच्या सभेपुढे गेला आणि त्याचं कुणालाही, अगदी अर्जदारालाही, काही वाटलं नाही.

"उपस्थितांनी सह्या करा," म्हणत बद्रीनाथांनी वही फिरवली. ती ऋषीकडे आली. मैना एव्हाना त्याच्या कडेवर होती आणि त्याच्या कानात बोट घालून आत कोण आहे ते बघत होती. ऋषीने एका हाताने वही भिंतीला टेकवली. "उपस्थित" या शब्दाखालच्या रिकाम्या ओळींकडे तो जरा वेळ बघत राहिला. मग त्याने आपलं नाव लिहिलं. आधी स्वतःचं, मग आबांचं, मग आडनाव, एकेक अक्षर सुटं आणि मोठं, शाळेत पाटीवर काढतात तसं.

बद्रीनाथांनी वही हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली, लांब धरली.

"सही एका ओळीत करायची असते, अहो," ते म्हणाले. "बाकीच्यांनाही उपस्थित राहायचंय."